पान एकशे बारा

३ एप्रिल

ढब्बोजीराव,

तू बसमधून उतरून पोस्टात जाशील तेव्हा हे पत्र तिथे आधीच येऊन बसलेलं असेल. तुला वाटेल ताईने इथवर पाठलाग केला. केलाच आहे. जो माणूस शाळेत भूगोल शिकवतो आणि मंडईतून घरी येताना रस्ता चुकतो, त्याला बाबांचं प्रवासपुस्तक तपासायला डोंगरात पाठवणं ही आमच्या प्रेसच्या मालकांची हौस. माझं मत कुणी विचारलं नाही.

कामाची पद्धत पुन्हा सांगते, कारण निघताना तुझं सगळं लक्ष डब्याकडे होतं. पुस्तकाची ही नववी आवृत्ती, आणि बाबा गेल्यानंतरची पहिली. प्रत्येक नोंद जागेवर जाऊन बघायची. बरोबर असेल तर समासात खूण, चूक असेल तर लाल पेन्सिल. पायऱ्या लिहिल्या असतील तर स्वतः मोजायच्या, कुणाला विचारायच्या नाहीत. नोंदीच्या शेवटी टपाल आणि बस असं लिहिलेलं असतंच, त्या वेळा पोस्टातून आणि थांब्यावरून घ्यायच्या. बाबा म्हणायचे, वाचणारा आपल्या शब्दावर भरवसा ठेवून डोंगर चढतो. वर काही नसलं तर त्याने मुक्काम कुठे करायचा?

स्वेटर घाल. तुझ्या पोटावरच्या चरबीवर विसंबून राहू नकोस.

ताई

९ एप्रिल

ताईसाहेब,

हुकूम मिळाला. तुम्ही खाली खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाका, शेळी इथे थंडीने कुडकुडते आहे.

गाव मात्र बघण्यासारखं आहे. परदेशी साहेबांना खालचा उकाडा सोसेना म्हणून त्यांनी हे वर वसवलं. चौक एवढा मोठा की आपली सगळी गल्ली त्यात मावेल आणि वर भांडायला जागा उरेल. चारही बाजूंनी कमानी. गव्हर्नरच्या घरात आता जमिनीचं दप्तर ठेवतात. नाचघरात फायलींचे गठ्ठे, आणि वर झुंबर तसंच. बाबांनी लिहिलंय की जिन्याला एक्केचाळीस पायऱ्या. मी मोजल्या, चाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा चाळीस. पहारेकरी म्हणाला, साहेब, उतरताना मोजा. उतरताना एक्केचाळीस. सर्वांत खालची पायरी फरशीत इतकी बुडाली आहे की चढताना पायाला लागतच नाही. बाबांनी तेवढंही सोडलं नव्हतं. मी पायरीवर बसलो आणि मला एकदम त्यांची फार आठवण आली. समासात खूण केली.

आणखी दोन गावं अशीच आहेत, कमानी, घंटा, आणि उंच खिडक्यांतून बाहेर कुणी बघत नाही. परवा जुन्या दगडांकडे जातो.

ढब्बू

१६ एप्रिल

ताई,

जुनी जागा पाहून आलो. उघड्या माळावर दगडी चौकटी उभ्या आहेत. भिंती नाहीत, छप्पर नाही, घराचा मागमूस नाही, नुसत्या दाराच्या चौकटी, एकोणीस. कुणी, कशासाठी उभ्या केल्या ते राखणदारालाही माहीत नाही, आणि तो तीस वर्षं तिथे आहे. चौकटीतून पलीकडे बघितलं की तोच माळ दिसतो, तरी माणूस डोकावतोच. मी एकोणीस वेळा डोकावलो.

एकशे अकराव्या पानापर्यंत काम झालं. उद्या वनचौकीवर जातो, तिथे राखीव जंगल सुरू होतं. पान एकशे बारावरचं तळ्याकाठचं विश्रामगृह चौकीपासून अर्ध्या तासावर आहे असं बाबांनी लिहिलंय. तिथे दोन दिवस राहून जंगलातल्या वाटा तपासीन म्हणतो. नोंद वाचूनच बरं वाटलं. 'बाई एकट्या असून पाहुण्यांचे लेकरासारखे करतात.' इथल्या हॉटेलवाल्याने तीन दिवस सावत्र लेकरासारखं केलंय.

ढब्बू

२० एप्रिल

ढब्बू,

तुझं पत्र वाचून एवढी हसले की कंपोझिटरकाका हातातले छपाईचे खिळे टाकून बघायला आले. नंतर स्वतःचाच राग आला.

बाळा, पान एकशे बारा खोटं आहे. तिथे काही नाही. दुसऱ्या एका प्रकाशकाने आपलं पुस्तक उचलून स्वतःच्या नावावर छापलं होतं, तेव्हापासून बाबांनी त्यात एक चोरकळ बसवली. एक नोंद अशी घालायची की जी फक्त आपल्या डोक्यात आहे. ती दुसऱ्याच्या पुस्तकात दिसली की चोर सापडला. आणि सापडला तो, तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी. ही नोंद कुणाला सांगायची नाही हा घरचा नियम. लिहिणाऱ्याला ठाऊक आणि प्रुफं तपासणाऱ्याला, बस. म्हणून तुला कधी सांगितलं नाही, आणि तुझ्या प्रतीतलं ते पान खोडायचं राहून गेलं. इतकी वर्षं प्रुफं तपासून ही चूक. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

वनचौकीवरच मुक्काम कर. हे पत्र तिथेच पाठवते आहे. गवतात अर्धा तास पायपीट झाली असेल तर माफ कर, वजन उतरलं असेल.

ताई

१९ एप्रिल

ताई,

हे विश्रामगृहातून लिहितो. खूण केली, शंभर टक्के बरोबर. सात पायऱ्या, हिरवं दार, खोल्या दोन. तळं अगदी पुढ्यात, आणि बाबांनी लिहिलंय तसा पलीकडचा काठ दिसत नाही. धुकं म्हणावं तर धुकंही नाही. पाणी जातं आणि मग काहीच नाही.

बाई दारात उभ्या होत्या. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "आलास? किती उशीर केलास." पुस्तकवाले येणार हे चौकीवरून कळलं असेल. पाय धुवायला गरम पाणी दिलं. अंडी, ब्रेड, किटलीभर चहा. किटलीची चोच वाकडी आहे, पण चहा सांडत नाही. घड्याळ मात्र बंद, चार वाजून दहा मिनिटांवर. मी दुरुस्त करू का विचारलं तर म्हणाल्या, ते बरोबर आहे.

एक गंमत सांगतो. बाई समोर असतात तेव्हा त्यांचा चेहरा दिसतो, छान मायाळू दिसतो. त्यांनी पाठ फिरवली की कसा होता ते आठवत नाही. मी तिसऱ्यांदा प्रयत्न करतोय. थकलो असेन.

टपाल रोज निघतं. बस नाही. चौकीपर्यंत चालावं लागेल, पण घाई नाही.

ढब्बू

२३ एप्रिल

ढब्बू,

आपली पत्रं वाटेत चुकामूक होऊन गेली. माझं अजून तुला मिळालं नसेल, की मिळालं आणि तू त्याच्यावरच हा खेळ रचलास?

तारीख मागची घालून मला घाबरवायचं, हे तुला जमण्यातलं आहे. लहानपणी कपाटात लपून तू मला असंच रडवलं होतंस. बाबांनी तुला कधीतरी चोरकळीचं सांगितलं असणार. आजारपणात ते खूप बोलायचे. ठीक आहे, मी घाबरले, तुझं समाधान झालं असेल तर निमूट चौकीवर ये आणि तिथून मला तार कर.

एक मात्र सांग, आणि खरं सांग. किटली आणि घड्याळ तुला कुणी सांगितलं? ते पुस्तकात नाही.

पत्रावर पत्ता काय लिहू कळेना. शेवटी नोंदीचं नाव लिहिलं, तळ्याकाठचं विश्रामगृह. पोस्टातल्या बाबूने न बघता शिक्का मारला.

ताई

२७ एप्रिल

ताई,

मी खेळ केला नाही. तुझी दोन्ही पत्रं आजच मिळाली. बाईंनी उशीखाली ठेवली होती. तू म्हणतेस इथे काही नाही. मी भिंतीला हात लावून बघितला. भिंत आहे.

काल चौकीवर जायला निघालो होतो. सात पायऱ्या उतरलो. पुढे वाट होती ती नव्हती. गवतही नव्हतं. तळ्याच्या पलीकडे जसं काही नाही तसंच. मी पाय पुढे टाकला नाही. बाई मागून आल्या आणि हाताला धरून आत घेऊन गेल्या. त्यांचा हात गरम आहे.

बाई माझ्यासाठी स्वेटर विणतात. कालपर्यंत तो मला फार लहान होईल असं वाटत होतं. आज घालून बघितला. बरोबर बसला.

तुला माझं अक्षर कसं वाटतं? मला पेन धरायला जड जातंय.

ढब्बू

४ मे, वनचौकी

ढब्बू,

तुझं पत्र पोचलं त्याच दिवशी निघाले. ते पत्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. अक्षर तुझंच आहे, पण तू चौथीत असतानाचं.

इथल्या रक्षकाच्या वहीत तुझी सही आहे, सतरा तारखेची, जाताना केलेली. आल्याची नाही. त्यांनी तीन दिवस माणसं लावून जंगल पिंजून काढलं. मी स्वतः अर्धा तास चालत गेले, दोनदा. तिथे गवत आहे आणि तळं आहे. तळ्याचा पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो, त्यावर झाडं आहेत, बगळे आहेत. काठावर तुझी लाल पेन्सिल मिळाली, ती माझ्याजवळ आहे. मी तिथे उभी राहून तुला हाका मारल्या. मला तिथे जाता येत नाही, त्याचं कारण मला कळलंय. ती जागा खोटी आहे हे मला माहीत आहे. तू खरी समजून गेलास.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

ती नोंद बाबांनी नाही, मी लिहिली. मी बारा वर्षांची होते. बारा वर्षं घरात एकटी, सगळ्यांची लाडकी, आणि मग तू आलास. दवाखान्याच्या बाकावर मी रात्रभर बसले होते, कुणी विचारलं नाही की जेवलीस का. समोर घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटांनी तू रडलास. घरी आल्यावर तू दिवसरात्र रडायचास आणि आई माझ्याकडे बघायची नाही.

त्याच महिन्यात बाबांना चोरकळ हवी होती. माझी समजूत काढायची म्हणून म्हणाले, या खेपेला तू लिही. नियम सांगितला: खोट्यात एक तरी खरी गोष्ट घालायची, म्हणजे खोटं उभं राहतं. मी पायऱ्या, दार, किटली, घड्याळ सगळं लिहिलं. बाईंचा चेहरा लिहायला सुचला नाही. तळ्याच्या पलीकडचं सुचलं नाही, म्हणून काठ दिसत नाही असं लिहिलं. आणि शेवटी ती खरी गोष्ट घातली. लिहिलं, 'बाईंना मूल नाही. आमचं नवीन बाळ त्यांनी नेलं तरी चालेल.'

बाबांनी वाचलं. रागावले नाहीत. ती ओळ खोडून तिथे त्यांनी 'बाई एकट्या असून पाहुण्यांचे लेकरासारखे करतात' एवढं घातलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. किटली आणि घड्याळ गाळलं, बाकी बरंचसं माझंच छापलं. 'टपाल : रोज. बस : नाही' हेसुद्धा माझंच. बस ठेवली असती तर बाळ परत आलं असतं ना.

ढब्बू, तू सहा महिन्यांचा झालास तेव्हा माझं बोट धरून हसलास आणि मी ते सगळं विसरले. शप्पथ, विसरले. तुला कडेवर घेऊन मी गल्लीभर मिरवायची. आई गेल्यावर तुझी वेणीफणी सोडून सगळं मी केलं. मला तू नको होतास ते तेवढे सहा महिनेच.

तू तिथलं काही खाऊ नकोस म्हणणार होते, पण आता उपयोग काय. धीर धर. मी परत प्रेसमध्ये जाते. जिथे बिघडलं तिथेच दुरुस्त होईल.

ताई

८ मे

ताई

तुझं पत्र बाईंनी वाचून दाखवलं. मला सगळं वाचता येत नाही. तू रडू नको.

मला इथे बरं वाटतं. बाई दूध देतात. गोष्ट सांगतात. स्वेटर आता मोठा होतो म्हणून बाई दुसरा विणतात. तो खूप छोटा आहे.

बाई म्हणतात थोडे दिवस राहिले. मग मी पत्र लिहिणार नाही.

ढब्बू

१२ मे

माझ्या राजा,

हे बाई वाचून दाखवणार असतील तर त्यांनीही ऐकावं.

चोरकळीचं सांगितल्यावर मालक म्हणाले, ते पान काढूनच टाकू, चोर तर केव्हाच सापडला. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तू ज्या पानात आहेस ते पान काढलं तर तू कुठे राहशील? शेवटी, या पानांचा फॉर्म छापायला जायला चार दिवस आहेत आणि तोवर मी काय हवं ते करावं म्हणाले. त्यांना वाटतं दुःखाने माझं डोकं फिरलंय. वाटू दे.

आज प्रूफावर मी 'बस : नाही' खोडलं आणि 'बस : स. ७.१५' केलं. कंपोझिटरकाकांनी माझ्यासमोर खिळे बदलले आणि कागद काढून दाखवला. उद्या सकाळी फाटकाशी बस येईल. सात पायऱ्या उतर, बसमध्ये चढ आणि बस. मागे बघू नकोस. तुझ्या वाट्याचे लाडू, चिवडा, काय म्हणशील ते करून ठेवते.

ताई

१४ मे

ताई बस आली. पिवळी आहे. मला बसायचं होतं.

बाईंनी माझा हात सोडला नाही. बाई रडल्या. बाई एकट्या आहेत ना.

बस गेली.

१५ मे

राजा,

बाई एकट्या आहेत. बरोबर आहे. ते छापलेलंच आहे आणि छापलेलं त्या तरी कशा मोडतील. सगळा दोष माझ्या अक्षराचा.

उद्या फॉर्म मशीनवर चढतो. मी दिवसभर ती एक ओळ समोर ठेवून बसले. आधी लिहिलं, बाईंच्या सोबतीला कुत्रा आहे. खोडलं. बहीण आहे असं लिहिलं, तेही पोकळ वाटलं. नुसत्या खोट्याने तुझा हात सुटणार नाही. बाबांचा नियम आहे, एक तरी खरी गोष्ट लागते, आणि ती स्वतःची लागते. दुसऱ्याची देऊन चालत नाही.

काका म्हणाले, जागा तेवढीच आहे, एक ओळ काढ आणि एकच घाल. मी तुझ्याच लाल पेन्सिलीने लिहिलं. आता नोंद अशी आहे:

'व्यवस्था पाहणाऱ्या बाईंना बारा वर्षांची मुलगी असून ती पाहुण्यांना बसपर्यंत सोडते.'

बारा का लिहिलं ते मला माहीत आहे. मी विचार करूनच लिहिलं. उद्या बस आली की त्या मुलीबरोबर जा. तिच्यावर विश्वास ठेव. ती तुला या खेपेला नीट पोचवील.

ताई

१९ मे

ताई,

मी त्या मोठ्या चौकाच्या गावात आहे, पोस्टाच्या बाकावर बसून लिहितोय. मी ठीक आहे. अंगात माझाच शर्ट आहे, दाढी महिन्याभराची वाढली आहे, आणि पोट होतं तिथेच आहे. बसचा कंडक्टर मला कुठे घेतलं ते सांगू शकला नाही. म्हणाला, तुम्ही डुलकी काढत होतात. खिशात एक मोजा मिळाला, लोकरीचा, माझ्या अंगठ्यावर जेमतेम बसेल एवढा. तो मी टाकून दिला नाही.

शेवटचे दिवस मला फारसे आठवत नाहीत. कुणीतरी उचलून घेतलेलं आठवतं. मला तेव्हा बोलता येत नव्हतं. आणि मग एका सकाळी दारात एक मुलगी उभी होती. तिचा चेहरा मला लख्ख आठवतो, ताई. एका बाजूला वेणी, खिसा असलेला फ्रॉक, बोटांना शाई. कपाटावरच्या आपल्या फोटोत, मी आईच्या मांडीवर आहे आणि तू शेजारच्या खुर्चीला धरून गाल फुगवून उभी आहेस, अगदी ती. गालही तसेच.

बाई तिला बघून हसल्या आणि माझा हात त्यांनी आपणहून तिच्या हातात दिला. ती मला घेऊन सात पायऱ्या उतरली. प्रत्येक पायरीला मी मोठा होत गेलो असं वाटलं. खाली पोचलो तेव्हा ती माझ्या कमरेइतकी होती. मी तिला म्हटलं, "चल, तूही बस." तिने मान हलवली. म्हणाली, "बाई एकट्या आहेत. आणि इथे मला जेवलीस का विचारतात."

बस सुरू झाल्यावर तिने खिडकीशी येऊन विचारलं, "तुमच्या घरचं बाळ अजून रडतं का हो?" मी नाही म्हटलं. तिला बरं वाटलेलं दिसलं.

इथे थोडा आराम करून तेवीसला सकाळी घरी पोचतो. तू काय केलंस ताई?

ढब्बू

२२ मे

ढब्बू,

तुझं पत्र आत्ता आलं. तू उद्या पोचशील, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडणार नाही. दाराशी ठेवते. समोरासमोर मला विचारता येणार नाही, म्हणून लिहिते. आधी हे वाच आणि मग आत ये.

तू सुखरूप आहेस हे वाचून मी जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. हे पहिलं.

तुझं पत्र वाचल्यावर कपाटावरचा फोटो खाली काढला. आई आहे, बाबा आहेत, तू मांडीवर आहेस. शेजारी एक खुर्ची आहे. तिला धरून कुणी उभं नाही. तू म्हणतोस मी तिथे होते. असेन.

मग जुनी वही शोधली. तिच्या मुखपृष्ठावर माझं नाव आहे आणि आत कोरी पानं आहेत. विश्रामगृह मी लिहिलं, दवाखान्यात मी बाकावर बसले होते, हे मला माझ्याच चार मेच्या पत्राच्या कार्बनकॉपीत वाचून कळलं. प्रेसची सवय म्हणून कॉपी ठेवते, नाहीतर मला पटलं नसतं. ते मी दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तसं वाचलं. त्या मुलीची दया आली. मला आठवतं ते तेराव्या वर्षापासूनचं. तू रांगतोस, मी तुझ्या मागे धावते. त्याच्या पलीकडे तुझ्या तळ्यासारखं आहे. आईने मला कधी मांडीवर घेतलं होतं का, ते सांगता येत नाही. बाबांनी डोक्यावर हात ठेवला असं मी लिहिलंय. तो कसा होता ते मी बराच वेळ आठवून पाहिलं.

कंपोझिटरकाकांना विचारलं, मी लहानपणी कशी होते. ते म्हणाले, "तू? तू तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा प्रेसमध्ये आलीस. त्याआधी तुझ्या बाबांना मुलगी होती असं मला आठवत नाही." बोलून झाल्यावर तेही गोंधळले आणि चष्मा पुसत बसले.

हे तुझ्या जिवाला लागावं म्हणून सांगत नाही. मला पश्चात्ताप नाही. फॉर्म छापून झाला, पुस्तक बांधणीला गेलं, पुढची आवृत्ती निघायला सहा-सात वर्षं जातील. तोवर ती तिथे आहे, बाईंजवळ. तिला तिथे कुणीतरी विचारतं, हे तू लिहिलंस ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते.

फक्त एक काम कर. तू लहान असताना तुला झोप यावी म्हणून मी माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत असे. तू हसून लोळायचास तेवढं मला आठवतं. गोष्टी आठवत नाहीत. तुला आठवत असतील. हातपाय धू, चहा घे, आणि मग माझ्याजवळ बसून त्या मला सांग. सावकाश सांग. एकही गाळू नकोस.

ताई